फॉर्ममध्ये तीन पर्याय टिक केले, सेव्ह झाला एकच! असं का होतं?

समजा, तालुक्याच्या गावी आरोग्य शिबिर आहे आणि नोंदणी ऑनलाइन करायची आहे. फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे, 'तुम्हाला खालीलपैकी कोणकोणते त्रास आहेत?' त्याखाली चार चौकोन आहेत. मधुमेह, उच्च रक्तदाब, दमा आणि पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी.

आजींच्या वतीनं नातू फॉर्म भरतो. मधुमेह, दमा आणि पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी अशा तीन चौकोनांवर टिक करतो आणि सबमिट दाबतो. स्क्रीनवर हिरव्या रंगात मेसेज येतो, 'नोंदणी यशस्वी'.

शिबिराच्या दिवशी डॉक्टरांच्या स्क्रीनवर आजींच्या नावापुढे एकच शब्द दिसतो, मधुमेह. दमा नाही आणि अ‍ॅलर्जीही नाही. यात फॉर्म भरणाऱ्याची चूक नाही. इंटरनेट बंद पडलं नव्हतं, सर्व्हरही कोसळला नव्हता आणि कुठेही लाल अक्षरात 'एरर' आलेली नाही. तरीही तीनपैकी दोन उत्तरं गायब झाली आहेत.

जावामध्ये बनवलेल्या वेबसाइटवर असं होण्यामागे बऱ्याचदा कोडमधली एकच ओळ असते. ती ओळ चुकते कशी, आणि ती दुरुस्त केल्यानंतरही कोणते घोळ शिल्लक राहतात, ते समजून घेऊया.

टिक केल्यावर नेमकं काय पाठवलं जातं?

वेबवरचा फॉर्म दिसायला छापील अर्जासारखा असतो. पण सबमिट दाबल्यावर अर्जाचं चित्र सर्व्हरकडे जात नाही. ब्राउझर त्यातून नाव आणि मूल्य अशा जोड्या तयार करतो आणि त्या एकापुढे एक जोडून पाठवतो. आजींच्या फॉर्ममधून साधारण असा मजकूर जाईल:

वय=६८&आजार=मधुमेह&आजार=दमा&आजार=पेनिसिलिन

'वय' हे नाव एकदाच आलं आहे, तर 'आजार' हे नाव तीनदा. वेबच्या नियमांत यात काहीही गैर नाही. जोड्या पाठवण्याची ही पद्धत नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल २.० च्या दस्तऐवजात नोंदवलेली आहे आणि आजही फॉर्म तसेच चालतात. एकाच नावाच्या कितीही जोड्या येऊ शकतात.

या मजकुरात एक गोष्ट मात्र कुठेच लिहिलेली नाही. फॉर्मवर चौकोन एकूण किती होते? 'आजार' हा एकच उत्तर असलेला प्रश्न आहे की अनेक उत्तरं असलेला? ब्राउझर हे सांगत नाही. येणाऱ्या जोड्यांचा अर्थ लावायची जबाबदारी सर्व्हरवरच्या कोडची, म्हणजे तो लिहिणाऱ्या प्रोग्रामरची असते.

जाता जाता मराठीबद्दल एक गंमत. वरची ओळ इथे वाचता येते, पण प्रत्यक्षात देवनागरी अक्षरं तशीच्या तशी जात नाहीत. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं आणि प्रत्येक बाइटसाठी टक्क्याचं चिन्ह व त्यापुढे दोन अक्षरं लिहिली जातात. 'मधुमेह' या शब्दात काना-मात्रा-उकार वेगळे धरून सहा चिन्हं आहेत. म्हणजे तो पाठवताना ५४ अक्षरांचा होतो!

जावाचे दोन दरवाजे

जावामध्ये वेबसाइट बनवण्याचा पाया म्हणजे सर्व्हलेट. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सन मायक्रोसिस्टिम्सनं हे तंत्र आणलं. ब्राउझरकडून आलेली माहिती सर्व्हलेटला 'रिक्वेस्ट' या वस्तूच्या रूपात मिळते. तिच्यातून फॉर्मची उत्तरं काढण्यासाठी मुख्यतः दोन मेथड आहेत.

पहिली आहे 'गेटपॅरामीटर'. तिला नाव सांगायचं आणि ती एक मूल्य परत देते. दुसरी आहे 'गेटपॅरामीटरव्हॅल्यूज'. तिलाही नावच सांगायचं, पण ती त्या नावाची सगळी मूल्यं एका अ‍ॅरेमध्ये, म्हणजे यादीत, परत देते.

आजींच्या फॉर्मवर 'गेटपॅरामीटर' वापरून 'आजार' मागितला तर काय मिळेल? 'मधुमेह'. सर्व्हलेटच्या नियमातच लिहिलेलं आहे की एका नावाची अनेक मूल्यं असतील तर ही मेथड यादीतलं पहिलं मूल्य देते. बाकीची मूल्यं रिक्वेस्टमध्येच पडून राहतात. ती कुणी मागितलीच नाहीत, म्हणून ती डेटाबेसपर्यंत पोहोचत नाहीत.

जावाच्या दृष्टीनं इथे काहीच चुकलेलं नाही. एक मूल्य मागितलं होतं, एक दिलं. म्हणून एरर येत नाही, लॉगमध्ये नोंद होत नाही आणि 'नोंदणी यशस्वी' हा मेसेज तेवढ्याच आत्मविश्वासानं दिसतो.

तीच माहिती 'गेटपॅरामीटरव्हॅल्यूज'नं मागितली असती तर मधुमेह, दमा आणि पेनिसिलिन अशी तीन मूल्यांची यादी मिळाली असती. तिसरी एक मेथडही आहे, 'गेटपॅरामीटरमॅप'. ती सगळ्या प्रश्नांची उत्तरं एकदम देते आणि प्रत्येक नावापुढे यादीच ठेवते, मग मूल्य एक असो की दहा.

एकदा तर पहिली मेथड बंद होणार होती

हा गोंधळ होऊ शकतो हे सर्व्हलेट बनवणाऱ्यांच्या सुरुवातीलाच लक्षात आलं होतं. त्या काळात सननं 'गेटपॅरामीटर'वर 'डेप्रिकेटेड' असा शिक्का मारला होता. म्हणजे ही मेथड यापुढे वापरू नका, तिच्याऐवजी यादी देणारी मेथड वापरा, अशी सूचना होती.

प्रोग्रामर मंडळींनी यावर जोरदार नाराजी व्यक्त केली. त्यांचं म्हणणंही रास्त होतं. वय, पिनकोड, मोबाइल नंबर अशी बहुतेक उत्तरं एकेरीच असतात. प्रत्येक वेळी यादी मागायची आणि त्यातलं पहिलं मूल्य काढायचं, हा उगाच व्याप वाटत होता. शेवटी सर्व्हलेट एपीआय २.० च्या अंतिम आवृत्तीत सननं शिक्का मागे घेतला. बाद ठरवलेली मेथड परत घेण्याची जावामधली ती पहिलीच वेळ होती.

तेव्हापासून दोन्ही दरवाजे उघडे आहेत. पुढे २०१७ मध्ये ओरॅकलनं जावाचा हा भाग एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवण्याचा निर्णय घेतला. २०२० मध्ये जकार्ता ईई ९ आलं तेव्हा पॅकेजच्या नावात 'जावाएक्स'च्या जागी 'जकार्ता' आलं. पण या दोन मेथडची नावं आणि वागणूक बदललेली नाही.

मग टेस्टिंगमध्ये ही चूक का पकडली जात नाही?

कारण फॉर्म तपासताना अनेकदा एकच चौकोन टिक करून पाहिला जातो. एक टिक केली, एक सेव्ह झाली, फॉर्म चालतो! एकच मूल्य असेल तर दोन्ही मेथड वरवर सारखंच उत्तर देतात. फरक दुसरी टिक केल्यावरच दिसतो.

दुसरं कारण म्हणजे बदलत जाणारे फॉर्म. सुरुवातीला 'आजार' या प्रश्नाला रेडिओ बटणं असतात, म्हणजे एकच पर्याय निवडता येतो. काही महिन्यांनी कुणीतरी सुचवतं की लोकांना एकापेक्षा जास्त आजार असतात, तिथे चेकबॉक्स द्या. पानावरचा बदल पाच मिनिटांत होतो. सर्व्हरवरची 'गेटपॅरामीटर'वाली ओळ मात्र कुणी उघडूनही पाहत नाही.

एकही टिक नाही केली तर?

ही गोष्ट त्याहून फसवी आहे. चेकबॉक्स टिक केलेला नसेल तर ब्राउझर त्याबद्दल काहीच पाठवत नाही. 'आजार=नाही' असंही पाठवत नाही. ते नाव जोड्यांमध्ये येतच नाही.

अशा वेळी 'गेटपॅरामीटरव्हॅल्यूज' रिकामी यादी देत नाही. ती 'नल' देते, म्हणजे यादीच नाही. प्रोग्रामरनं हे गृहीत धरलं नसेल आणि थेट यादीतून एकेक मूल्य वाचायला सुरुवात केली असेल, तर जावाची प्रसिद्ध 'नल पॉइंटर एक्सेप्शन' येते आणि वापरकर्त्याला पांढऱ्या पानावर '५००' हा आकडा दिसतो. ज्याला कुठलाच आजार नाही, नेमक्या त्याच माणसाचा फॉर्म जमा होत नाही!

लिहिण्याच्या रकान्याचं वागणं वेगळं असतं. तो रिकामा ठेवला तरी त्याचं नाव जातं आणि मूल्य म्हणून रिकामी स्ट्रिंग जाते. म्हणजे 'काहीच आलं नाही', 'रिकामं आलं' आणि 'मूल्य आलं' अशा तीन वेगळ्या अवस्था आहेत. तिन्ही वेगळ्या हाताळाव्या लागतात.

'नको' हे उत्तर हरवतं तेव्हा

आता दुसरा फॉर्म घेऊ, सेटिंग्जचा. 'तुम्हाला जाहिराती कशावर पाठवायच्या?' पर्याय आहेत एसएमएस, ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप. आधी तिन्ही टिक केलेले आहेत. वापरकर्ता तिन्ही काढतो आणि सेव्ह करतो.

सर्व्हरकडे या प्रश्नाबद्दल काहीच पोहोचत नाही. कोडमध्ये 'मूल्य आलं असेल तरच बदल कर' असं लिहिलेलं असेल तर जुनी तिन्ही मूल्यं तशीच राहतात. वापरकर्त्यानं स्पष्ट नकार दिला, सेव्हही दाबलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाहिराती सुरू. त्याला वाटतं, कंपनी मुद्दाम ऐकत नाही. प्रत्यक्षात त्याचा नकार सर्व्हरला दिसलेलाच नसतो.

यावर जुना आणि साधा उपाय आहे. प्रत्येक चेकबॉक्स गटासोबत एक लपलेला रकाना ठेवायचा. तो नेहमी पाठवला जातो आणि सर्व्हरला सांगतो की हा प्रश्न पानावर होता. रकाना आला पण एकही टिक आली नाही, तर त्याचा अर्थ 'सगळं काढून टाका'. रकानाच आला नाही, तर त्याचा अर्थ 'हा प्रश्न या पानावर नव्हता, हात लावू नका'.

जावाच्या लोकप्रिय स्प्रिंग फ्रेमवर्कमध्ये ही सोय तयारच असते. स्प्रिंगचा फॉर्म टॅग वापरला तर चेकबॉक्सच्या नावाआधी अंडरस्कोर लावलेला एक लपलेला रकाना आपोआप तयार होतो. पण पान हातानं लिहिलं असेल किंवा जावास्क्रिप्टनं बनवलं असेल, तर ही काळजी स्वतः घ्यावी लागते.

बाबांना आजींचा मधुमेह

सगळ्यात धोकादायक घोळ होतो तो एकाच फॉर्ममध्ये अनेक माणसांची माहिती असते तेव्हा. शिबिराच्या फॉर्ममध्ये कुटुंबाची नोंद आहे असं समजा. प्रत्येक ओळीत सदस्याचं नाव आणि 'मधुमेह आहे' असा एक चौकोन. पहिल्या ओळीत बाबा, दुसऱ्या ओळीत आई, तिसऱ्या ओळीत आजी. टिक फक्त आजींसमोर आहे.

सर्व्हरवर प्रोग्रामर दोन याद्या मागतो. नावांच्या यादीत तीन मूल्यं येतात, बाबा, आई आणि आजी. मधुमेहाच्या यादीत एकच मूल्य येतं, 'हो'. कारण बाबा आणि आई यांच्यासमोरच्या रिकाम्या चौकोनांबद्दल ब्राउझरनं काहीच पाठवलेलं नाही.

आता कोड दोन्ही याद्या समोरासमोर ठेवून जुळवायला लागतो. पहिलं नाव बाबा, पहिली टिक 'हो'. मधुमेह बाबांना! दुसऱ्या नावापर्यंत मधुमेहाची यादी संपलेली असते. 'यादी संपली तर पुढे जा' अशी अट लिहिलेली असेल तर एररही येत नाही. निरोगी माणसाच्या नावापुढे आजार लागतो आणि ज्यांना आजार आहे त्यांची नोंद कोरी राहते.

पहिल्या चुकीत माहिती हरवत होती. इथे ती चुकीच्या माणसाला चिकटते. हरवलेली माहिती निदान रिकामी तरी दिसते. चुकीची माहिती खरीच वाटते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे चेकबॉक्सच्या मूल्यात 'हो' न ठेवता त्या ओळीचा किंवा सदस्याचा क्रमांक ठेवायचा. मग यादीत '३' आला की तो तिसऱ्या सदस्याचाच, हे नक्की होतं. दुसरा उपाय म्हणजे नावातच क्रमांक घालायचा, जसं 'सदस्य[०].नाव', 'सदस्य[०].मधुमेह', 'सदस्य[१].नाव'. स्प्रिंग अशी नावं वाचून प्रत्येक सदस्याची वेगळी वस्तू स्वतःच तयार करतं. कुणी खोडसाळपणे नावात लाखाचा आकडा घातला तर सर्व्हरची मेमरी भरू नये, म्हणून स्प्रिंगनं अशा यादीच्या वाढीवर मुळातच २५६ ची मर्यादा ठेवलेली आहे.

स्वल्पविरामाचा खोडा

आजच्या जावा प्रोजेक्टमध्ये अनेकदा सर्व्हलेटच्या मेथड थेट वापरल्या जात नाहीत. स्प्रिंगमध्ये 'रिक्वेस्टपॅराम' असं लिहून पुढे लिस्ट मागितली की सगळी मूल्यं मिळतात. काम सोपं होतं, पण इथेही एक खाच आहे.

समजा, एका पर्यायाचं मूल्य आहे 'धूळ, परागकण यांची अ‍ॅलर्जी'. वापरकर्त्यानं तो एकच पर्याय निवडला. आलेलं मूल्य एक आहे आणि मागितली आहे लिस्ट. मग स्प्रिंग त्या मूल्यातला स्वल्पविराम पाहून त्याचे दोन तुकडे करतं, 'धूळ' आणि 'परागकण यांची अ‍ॅलर्जी'. वापरकर्त्यानं याच्यासोबत आणखी एखादा पर्याय निवडला तर मात्र तुकडे होत नाहीत.

म्हणजे तोच पर्याय कधी अखंड येतो, कधी तुटून येतो! अशी चूक शोधायला फार वेळ जातो, कारण ती दर वेळी दिसत नाही. उपाय सोपा आहे. मूल्य म्हणून वाक्य न पाठवता लहान कोड किंवा क्रमांक पाठवायचा आणि दिसणारा मजकूर सर्व्हरवर ठेवायचा.

डेटाबेसमध्येही हीच सवय नडते. तिन्ही आजार स्वल्पविराम लावून एकाच रकान्यात साठवले की सुरुवातीला सोपं वाटतं. नंतर कुणी 'दमा असलेल्यांची यादी द्या' म्हटलं की अडचण सुरू होते. त्यापेक्षा वेगळं टेबल ठेवून प्रत्येक आजाराची स्वतंत्र ओळ लिहिणं बरं.

दुसऱ्या भाषेतून आलेल्यांची फसगत

एकाच नावाची अनेक मूल्यं आली तर काय करायचं, याचं उत्तर प्रत्येक भाषेनं वेगळं दिलेलं आहे. जावाची साधी मेथड पहिलं मूल्य देते. पीएचपी शेवटचं मूल्य ठेवतं आणि सगळी हवी असतील तर रकान्याच्या नावापुढे चौकटी कंस लावावे लागतात. पायथॉनच्या जँगोमध्ये साधी मागणी केली तर शेवटचं मूल्य मिळतं, सगळी हवी असतील तर 'गेटलिस्ट' वापरावं लागतं. एएसपी डॉट नेट सगळी मूल्यं स्वल्पविरामानं जोडून देतं.

पीएचपीच्या सवयीनं कुणी जावाच्या फॉर्ममध्येही 'आजार[]' असं नाव दिलं, तर जावाला त्या कंसांचं काही विशेष वाटत नाही. ते नावाचाच भाग होतात. मग 'आजार' मागितला तर 'नल' मिळतं, कारण आलेलं नाव 'आजार[]' असतं. जेक्वेरीनं यादी पाठवली तरी ती असे कंस स्वतःहून लावते. ते थांबवायला तिचा 'ट्रॅडिशनल' हा पर्याय चालू करावा लागतो.

काही वेळा तर चूक सर्व्हरपर्यंत पोहोचण्याआधीच झालेली असते. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टनं फॉर्मच्या जोड्यांचं ऑब्जेक्ट बनवलं, तर एका नावाला एकच जागा असते. तिथे प्रत्येक नवं मूल्य आधीच्या मूल्यावर बसतं आणि शेवटचं तेवढं उरतं. मग सर्व्हरवर कितीही योग्य मेथड वापरली तरी उपयोग नाही.

हल्लेखोर याचा फायदा कसा घेतात?

फॉर्मवर एकच रकाना आहे म्हणून मूल्य एकच येईल, असं सर्व्हरनं मानणं धोक्याचं आहे. ब्राउझरशिवायही कुणी हातानं रिक्वेस्ट तयार करून पाठवू शकतं. त्यात एकच नाव दोनदा घालणं अगदी सोपं आहे.

मोठ्या वेबसाइटवर एकच रिक्वेस्ट अनेकदा दोन-तीन यंत्रणांतून जाते. समजा, पुढची तपासणी करणारी यंत्रणा पहिलं मूल्य वाचते आणि मागची व्यवहार करणारी यंत्रणा शेवटचं. मग 'रक्कम=१००&रक्कम=१' अशा रिक्वेस्टमध्ये तपासणी १०० ची होते आणि व्यवहार १ चा. या प्रकाराला 'एचटीटीपी पॅरामीटर पोल्यूशन' म्हणतात. २००९ मध्ये पोलंडमध्ये झालेल्या ओवॅस्पच्या परिषदेत स्टेफानो दी पाओला आणि लुका कारेत्तोनी या सुरक्षातज्ज्ञांनी त्याची सविस्तर मांडणी केली होती.

जावामध्ये आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पत्त्याच्या ओळीत, म्हणजे यूआरएलमध्ये, आलेली मूल्यं आणि फॉर्मच्या आतली मूल्यं सर्व्हलेट एकत्र करतं. यूआरएलमधली मूल्यं आधी येतात. म्हणून कुणी यूआरएलमध्ये जादा 'रक्कम' चिकटवली, तर 'गेटपॅरामीटर' फॉर्ममधली रक्कम सोडून तीच देईल. जिथे एकच मूल्य अपेक्षित आहे तिथेही यादी मागून तिची लांबी तपासणं आणि एकापेक्षा जास्त मूल्यं आली तर रिक्वेस्ट नाकारणं, हा सुरक्षित मार्ग आहे.

मूल्यांच्या संख्येलाही मर्यादा लागते. डिसेंबर २०११ मध्ये अशी पद्धत जाहीर झाली, की मुद्दाम निवडलेल्या हजारो नावांचा फॉर्म पाठवला तर सर्व्हर ती नावं साठवण्यातच अडकून पडतो. जावासह अनेक भाषा त्याच्या तडाख्यात होत्या. त्यानंतर टॉमकॅट या जावा सर्व्हरनं एका रिक्वेस्टमधल्या पॅरामीटरवर १०,००० ची मर्यादा आणली. नव्या आवृत्त्यांत ती १,००० पर्यंत खाली आली आहे. त्यामुळे खूप मोठ्या तक्त्यासारखा फॉर्म बनवणाऱ्यांनी ही मर्यादा तपासून पाहावी. जुन्या आवृत्त्यांमध्ये मर्यादेपलीकडची मूल्यं सोडून दिली जात. म्हणजे पुन्हा तेच, अर्धा फॉर्म गायब आणि मेसेज 'यशस्वी'.

फॉर्म बनवणाऱ्यांनी काय तपासावं?

- प्रत्येक प्रश्नाला उत्तर एक की अनेक, हे आधी ठरवावं. अनेक असतील तर यादीच मागावी.
- शून्य, एक, दोन आणि सगळे, अशा चारही प्रकारे टिक करून फॉर्म पाठवून पाहावा. फक्त एक टिक करून केलेली तपासणी अपुरी आहे.
- 'नल' मिळालं तर त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे कोडमध्ये स्पष्ट लिहावं.
- चेकबॉक्सला मूल्य द्यायला विसरू नये. मूल्य दिलं नाही तर ब्राउझर 'ऑन' असा शब्द पाठवतो. तीन टिक केल्या तर तीनदा 'ऑन' येतं आणि कुठला आजार ते कळत नाही.
- आलेलं प्रत्येक मूल्य आपल्या पर्यायांच्या यादीत आहे का, हे सर्व्हरवर तपासावं.
- मूल्य देवनागरीत असेल तर पहिलं मूल्य वाचण्याआधी यूटीएफ-८ ठरवून द्यावं. एकदा वाचायला सुरुवात झाली की नंतर सांगून उपयोग नसतो आणि 'दमा'च्या जागी विचित्र चिन्हं साठवली जातात.
- सेव्ह झाल्यावर नुसतं 'यशस्वी' दाखवू नये. डेटाबेसमध्ये जे साठलं तेच परत वाचून दाखवावं.

आणि फॉर्म भरणाऱ्यांनी?

सामान्य वापरकर्त्याला सर्व्हरचा कोड दिसत नाही. पण सबमिट केल्यावर पावती किंवा प्रीव्ह्यू दिसत असेल तर त्यात सगळे पर्याय आले आहेत का, हे बघता येतं. 'एडिट' दाबून फॉर्म पुन्हा उघडला आणि तीनपैकी एकच चौकोन टिक दिसला, तर बाकीचे सेव्ह झालेले नसण्याचीच शक्यता जास्त. स्क्रीनशॉट घेऊन तक्रार करावी आणि तक्रारीत 'फॉर्म चालत नाही' एवढंच न लिहिता 'तीन पर्याय निवडले, सेव्ह फक्त पहिला झाला' असं लिहावं. या एका वाक्यावरून अनुभवी जावा प्रोग्रामरला कुठली ओळ उघडायची ते लगेच कळेल.

कॉम्प्युटर वापरणाऱ्यांना आणखी एक पायरी पुढे जाता येतं. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये 'नेटवर्क' हा भाग उघडा ठेवून फॉर्म पाठवला तर नेमक्या कुठल्या जोड्या गेल्या ते दिसतं. तिथे तिन्ही आजार दिसत असतील तर घोळ सर्व्हरवर आहे. एकच दिसत असेल तर तो पानावरच झाला आहे.

आणि आरोग्याची गोष्ट असेल तेव्हा स्क्रीनवर विसंबून राहू नये. शिबिरात डॉक्टरांसमोर बसल्यावर नातवानं एवढं तोंडी सांगितलं तरी पुरे, 'आजींना पेनिसिलिन चालत नाही.'